हशा कोणाचा, हसे कोणाचे?

ग्राम्य विनोदाविषयी लिहावयास बसणाऱ्याची अवस्था मोठी अवघड असते. त्या विनोदाची निंदा करावी तर लेखक सोवळा ठरतो. तो उचलून धरावा तर चावट ठरतो. आपल्याकडे या विषयाची चर्चा बहुधा या दोन टोकांमध्येच घुटमळत राहिली आहे. एका पक्षाने शब्दांकडे बोट दाखवून अश्लीलतेची ओरड करावी, दुसऱ्याने ‘लोकांना हेच हवे असते’ असे म्हणून तिकीटविक्री पुढे करावी, आणि ज्या स्त्रीच्या देहावर तो सारा विनोद उभा असतो तिच्याविषयी दोघांनीही मौन पाळावे, असाच प्रकार चालत आला. या लेखात आम्ही थोडा वेगळा प्रश्न हाती घेत आहो. द्व्यर्थी विनोद म्हटला की त्यात एका वाक्याला दोन अर्थ असावयाचे. त्यांपैकी दुसरा, झाकलेला अर्थ कोणाला ठाऊक असतो? तो स्त्री जाणून बोलते, की न जाणता तिच्या तोंडून वदवला जातो? आमच्या मते या विनोदाचे मोजमाप या एका प्रश्नाने जितके नीट होते तितके दुसऱ्या कशानेही होत नाही.

देहाविषयीचा विनोद चित्रपटाने आणला असा एक समज आहे, तो खरा नव्हे. मराठी भाषेची पूर्वज जी महाराष्ट्री प्राकृत, तिच्यातील सर्वांत जुना काव्यसंग्रह म्हणजे सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाहा सत्तसई’. या सातशे गाथांपैकी कितीतरी गाथा स्त्रियांच्या तोंडी आहेत. त्यांत नवरा परगावी गेलेली गृहिणी आहे, शेतावर राखणीला बसलेली तरुणी आहे, सखीला सल्ला देणारी अनुभवी बाई आहे. त्यांतील एका गाथेत रात्रीपुरता आसरा मागणाऱ्या वाटसरूला घरची सून आपली आणि सासूची निजण्याची जागा दिवसाउजेडी दाखवून ठेवते आणि अंधारात चुकून भलत्या अंथरुणाशी येऊ नकोस असे बजावते. वरून पाहता ती मनाई आहे. आतून ते आमंत्रण आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ ग्रंथात व्यंग्यार्थाचे उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली, आणि तेव्हापासून ती आपल्या साहित्यशास्त्रात मानाने नांदते आहे. आम्हांला येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, त्या गाथेतील चातुर्य त्या स्त्रीचे आहे. दोन्ही अर्थ तिला ठाऊक आहेत. फसते ती सासू, आणि ऐकणारा हसतो तो त्या सुनेच्या बाजूने. ‘अश्लील’ म्हणून त्या गाथेला कोणी बाजूला ठेवू पाहील तर ठेवो. पण तिच्यात स्त्रीची अप्रतिष्ठा आहे असे मात्र कोणालाही म्हणता येणार नाही.

स्त्रियांच्या स्वतःच्या मेळाव्यांतही असा विनोद नेहमीच होता. लग्नात विहिणींना उद्देशून म्हटली जाणारी गाणी, मंगळागौरीच्या रात्रीचे खेळ आणि त्यांतील सासू, नणंद व नवरा यांची थट्टा आपल्या परिचयाची आहे. गोमंतकातील धालो हे त्याचे अधिक ठळक उदाहरण होय. पौषातल्या चांदण्या रात्री मांडावर केवळ स्त्रियाच जमतात. पुरुषांना तेथे मज्जाव असतो. शेवटच्या दिवशी सोंगे निघतात, बायका पुरुषांचे वेष घेतात, नकला करतात, आणि एरवी घरात ज्यांच्यासमोर मान वर करावयाची नाही त्यांची यथेच्छ टर उडवितात. ‘बायकांना असला विनोद रुचत नाही, त्या जात्याच गंभीर’ असे जे म्हटले जाते ते धालोचा मांड पाहिलेल्या माणसाला पटणार नाही. बायकांना हसता येते, देहावरही हसता येते. मात्र त्या हसण्याला कुंपण घातलेले होते. चारचौघांत, पुरुषांदेखत, तोच विनोद करण्याची मुभा कुलीन समजल्या जाणाऱ्या स्त्रीला नव्हती. ती मुभा समाजाने एका निराळ्याच स्त्रीला दिली, आणि त्याची किंमतही तिच्याकडूनच वसूल केली. ती स्त्री म्हणजे तमाशातील नाची.

तमाशाची बांधणी पाहू. आरंभी गण, मग गौळण, बतावणी, आणि पुढे वग. यांपैकी गौळणीचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मथुरेच्या बाजाराला दूधदही घेऊन निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवितात आणि दाण मागतात. मग जो संवाद झडतो त्यात दुधाला, दह्याला, माठाला, दाणाला, साऱ्यालाच दुसरा अर्थ असतो. पण या गौळणींच्या घोळक्यापुढे एक मावशी असते. ही मावशी म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष नट. वयाने उतरलेली, रूपाने बेताची, आणि जिभेने सर्वांत तिखट. पेंद्याने एक टाकावा आणि मावशीने दोन परत करावेत असा हा सामना असतो. पेंद्याची फजिती झाली की तमाशाचा तळ हशाने दणाणून जातो. देवाची थट्टा, देवाच्या मित्राची थट्टा आणि वाट अडविणाऱ्या पुरुषाची थट्टा, या तीनही गोष्टी मावशी एका दमात करते. दुसरा अर्थ तिला पुरेपूर ठाऊक असतो, किंबहुना पेंद्यापेक्षा अधिक ठाऊक असतो. तोच प्रकार सवाल-जबाबाचा. कोडे घालणारा एक पक्ष, सोडविणारा दुसरा; आणि हरणारा पुरुषही असू शकतो.

तथापि, एवढ्यावरून जुन्या तमाशाचे गोडवे गात बसणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. मावशी हा पुरुषच होता, आणि नाचीच्या जागीही फार काळ नाच्या पोऱ्याच असे. ही गोष्ट केवळ तमाशाची नव्हे. कोकण-गोव्याच्या दशावतारात स्त्रीपात्रे पुरुषच रंगवीत आले. १८९२ साली मुंबईत ‘इटालियन भुरगो’ या प्रयोगाने कोंकणी तियात्राचा आरंभ झाला, त्यातही तीच रीत होती; १९०४ साली रेजिना फर्नांडिस रंगमंचावर आल्या तेव्हा ती मोडली. सारांश, आपल्या रंगभूमीवर स्त्रीची बाजू दीर्घकाळ पुरुषानेच मांडली. लावणीचेही तसेच. राम जोशी, होनाजी, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर हे सारे शाहीर पुरुष, आणि त्यांनी विरहाने किंवा कामाने व्याकुळ झालेल्या स्त्रीच्या तोंडी रचना घातल्या. ज्या दुसऱ्या बाजीरावाच्या काळात (१७९६ ते १८१८) ही लावणी पुण्यात फुलली, त्याच काळात कुणबिणींची खरेदी-विक्री उघड होत होती आणि सरकारी दप्तरांत तिच्या नोंदीही होत होत्या. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लिहिलेल्या एका प्रबंधात या दोन गोष्टींचा संबंध जोडून दाखविला. उच्चवर्णीय स्त्री ही पतिव्रता आणि खालच्या मानलेल्या जातीची स्त्री ही जन्मतःच कामातुर, अशी वाटणी लावणीने पक्की केली, आणि तिच्या श्रमावर व देहावर मालकी सांगणाऱ्यांना ती सोयीची ठरली, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. तो आम्हांला मान्य आहे.

पुढे बोर्डावर प्रत्यक्ष स्त्री आली. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६ ते १९४५), हे रेठऱ्याचे ब्राह्मण. त्यांच्या फडात हिवरगावची पवळा ही महार समाजातील कलावती उभी राहिली आणि या जोडीने मुंबईपर्यंत लौकिक मिळविला. पवळेने बापूरावांच्या लावणीला आवाज दिला, रूप दिले, आणि पुरुषी शब्दांत स्वतःची अदा मिसळून त्यांना काही वेगळेच करून सोडले, असे जुने लोक सांगत. पण टाळ्या घेणाऱ्या त्याच स्त्रीला गावात पाणी मात्र वेगळ्या पाणवठ्यावरचे होते. या विरोधाकडे सर्वांत सरळ नजरेने पाहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२७ च्या महाड सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा अस्पृश्य समाजाच्या स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा आपल्याला नको असे सांगून त्यांनी ते नाकारले. त्यांना खटकला तो लावणीतील एखादा शब्द नव्हे. खटकला तो त्या पैशामागचा व्यवहार. अमेरिकेतील इतिहासकार शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या २०२२ च्या ग्रंथात हाच धागा पुढे नेला आहे. ‘अश्लील’ हे विशेषण एखाद्या कृतीला लागते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते विशिष्ट जातींच्या स्त्रियांना जन्माबरोबर चिकटविले गेले, आणि त्या स्त्रियांनी माणुसकीसाठी जो झगडा केला तो या शिक्क्याविरुद्धचा झगडा होता, हे त्यांनी दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर सरकारचे लक्ष या कलेकडे वळले ते मात्र शब्दांवरच खिळून राहिले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई राज्यात तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली ती संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर. मंडळे नेमली गेली, वग तपासले जाऊ लागले, शब्दांवर तांबड्या शाईच्या रेघा पडल्या. हे सारे सद्हेतूनेच झाले असेल. पण बंदीच्या काळात फडातील बायकांनी काय खाल्ले, बंदी उठल्यावर त्यांना रोज किती मिळू लागला, दौलतजादा करणाऱ्या धनिकाने हात धरला तर तिने कोणाकडे दाद मागावी, हे प्रश्न कोणत्या रकान्यात लिहावयाचे? तसा रकानाच नव्हता. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५ ते २००२) यांच्याविषयी सांगितली जाणारी हकीकत सर्वश्रुत आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या आत गेल्या, मूल जन्माला आले, दगडाने नाळ तोडली, आणि त्या पुन्हा नाचावयास बाहेर आल्या. ही हकीकत सांगताना लोक त्यांच्या धैर्याचे कौतुक करतात, आणि ते यथार्थ आहे. पण बाहेर आलेच पाहिजे असे त्यांना का वाटले, याचा विचार फार थोडे करतात. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. आता त्यांच्या नावे महाराष्ट्र शासन जीवनगौरव पुरस्कार देते.

या पार्श्वभूमीवर मध्यमवर्गीय लेखकांनी तमाशाला ‘लोकनाट्य’ हे नवे नाव दिले आणि त्याला शहरातील नाट्यगृहात आणले. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे त्यांतील सर्वांत गाजलेले. १९६५ पासून पुढे त्याचे हजाराहून अधिक प्रयोग झाले आणि त्यातील हवालदाराने कृष्णा ऊर्फ दादा कोंडके (१९३२ ते १९९८) हे नाव घराघरांत नेले. या वगाचा कणा पाहिला तर तो जुन्या गौळणीचाच आहे. नव्या कोतवालाला नादी लावून, त्याच्याकडून राजाच्या छपरी पलंगाची चोरी करवून, त्याला गोत्यात आणणारी मैनावती ही या वगातील खरी कर्ती आहे. चावटपणा येथे भरपूर आहे. पण हसे होते ते सत्ताधाऱ्याचे. त्याआधी, १९५९ साली, अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटाने पुण्यात शंभराहून अधिक आठवडे मुक्काम ठोकला होता. त्यात गावच्या पाटलाने केलेला अत्याचार तमाशाच्या बोर्डावरूनच साऱ्या गावापुढे उघड होतो. नावातच क्रियापद स्त्रीचे आहे. पुढे हंसा वाडकरांनी आपल्या आत्मकथनालाही हेच नाव दिले, आणि चित्रपटाच्या धंद्यात नटीला काय भोगावे लागते ते मराठीत प्रथमच इतक्या उघडपणे लिहिले गेले. त्यावरूनच श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ‘भूमिका’ केला.

येथून आपण दादा कोंडक्यांच्या चित्रपटांकडे येतो. त्यांच्याविषयी न्यायाने बोलावयाचे तर आधी त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. नायगावच्या गिरणगावात वाढलेला, सेवादलाच्या कलापथकात तयार झालेला, लोंबत्या नाडीची अर्धी चड्डी घालणारा हा भाबडा नायक मराठी पडद्यावर आला तेव्हा गिरणीकामगाराला आणि शेतमजुराला प्रथमच आपल्यासारखा माणूस तेथे दिसला. १९७१ च्या ‘सोंगाड्या’त तमाशाच्या नादाने घराबाहेर पडलेला नाम्या, १९७२ चा ‘एकटा जीव सदाशिव’, १९७५ चा ‘पांडू हवालदार’: या चित्रपटांत गरिबाचा भोळेपणा आणि शहाण्यांचा लबाडपणा यांचा सामना होता. त्यांच्या नऊ चित्रपटांनी ओळीने रौप्यमहोत्सव साजरे केले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. या पहिल्या चित्रपटांतील उषा चव्हाण यांची नायिका पुष्कळदा नायकापेक्षा धीट असते. लाजतो तो नायक. त्या धिटाईत मावशीचा थोडा अंश उरला होता, असे आम्हांला वाटते.

पण पुढे काय झाले? १९७८ चा ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’, १९८२ चा ‘आली अंगावर’, १९९२ चा ‘येऊ का घरात’, आणि हिंदीत १९८४ चा ‘तेरे मेरे बीच में’ व १९८६ चा ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’. या नावांवरूनच दिशा कळते. चित्रपटाचे नावच आता कोटी झाले होते, आणि कथा ही कोट्यांना टांगावयाची खुंटी. परिनिरीक्षण मंडळाशी दादांचे खटके उडत, आणि त्यांचा बचाव ठरलेला असे: शब्द निष्पाप आहे, वावगा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आहे. हा बचाव चतुर खरा, आणि हजरजबाबीपणात त्यांना तोडही नव्हती. परंतु त्या बचावातच आमच्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे. दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आहे म्हणजे बोलणारीच्या मनात नाही. नायिका साध्या मनाने काहीतरी बोलते, भाजीविषयी, गाईविषयी, छत्रीविषयी. तिला स्वतःला त्यात काही दिसत नाही. आणि थिएटरातील शेकडो पुरुष हसतात. कित्येकदा नायकही तितकाच भोळा असतो. तरी पडद्यावर न्याहाळला जाणारा देह त्याचा नसतो. गाथेतील सुनेला दोन्ही अर्थ ठाऊक होते; मावशीला ठाऊक होते; मैनावतीला ठाऊक होते. या नायिकेला ठाऊक नाहीत, आणि तिला ते ठाऊक नसणे हीच हशाची अट आहे. जी पूर्वी विनोदाची कर्ती होती ती आता त्याचे साधन झाली.

याच वेळी मावशी पडद्यावरून नाहीशी झाली, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेतलेली नाही. तिच्या जागी आली ती ‘आये’. रत्नमाला यांनी ही आई अशी काही उभी केली की, ‘आये’ म्हटले की त्यांचाच चेहरा डोळ्यांपुढे येतो. ही आई रागावते, मारते, रडते, पोराला पोटाशी धरते. मात्र तिच्यावर कोणी चावट कोटी करीत नाही आणि तीही करीत नाही. स्त्रीचे असे दोन तुकडे झाले: पूजेची आई आणि मौजेची पोर. या दोहोंच्या मध्ये जी उभी होती, जी पोक्त होती, जिला जगाचे सारे काही ठाऊक होते आणि जी पुरुषाला चारचौघांत उघडे पाडू शकत होती, तिला या नव्या घरात खोली उरली नाही. याला तंत्राचेही साहाय्य झाले. बोर्डावरची नाची प्रेक्षकाकडे बघत असते. कोणी आगाऊपणा केला तर तेथल्या तेथे उलट उत्तर देऊ शकते. पडद्यावरच्या स्त्रीला प्रेक्षक दिसत नाही. कॅमेरा जेथे थांबेल तेथेच सर्वांची नजर थांबते, आणि ती कोठे थांबावी हे तिला विचारून ठरत नाही.

आमच्या लहानपणाची एक आठवण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. सीमाभागातील आमच्या गावी जत्रेत तमाशा येई. बायकांनी त्याला जाऊन बसण्याची रीत नव्हती. पण तळाला लागून असलेल्या घरांच्या माळवदांवर अंधारात त्या बसत, हे सर्वांना ठाऊक होते. मावशीने पेंद्याला झाडले की त्या अंधारातूनही हसू ऐकू येई. पुढे त्याच मैदानात तंबूतला सिनेमा आला. आत दोरी बांधून एका बाजूस बायका व दुसऱ्या बाजूस पुरुष बसत. आता बायका तिकीट काढून, उजेडात, हक्काने आल्या होत्या. पण कोटी झाली की हशा दोरीच्या आमच्या बाजूने उठे. पलीकडे पदर तोंडाशी जात आणि माना खाली होत. आम्हीही हसणाऱ्यांतच होतो. घरी परतताना आई आणि बहीण आमच्या पुढे काही पावले चालत, आणि सिनेमाविषयी कोणी काही बोलत नसे. त्या न बोलण्याचा अर्थ आम्हांला कळावयास पुष्कळ वर्षे जावी लागली.

ही केवळ मराठी चित्रपटाची कहाणी आहे असेही नाही. त्याच सुमारास अमेरिकेत कुमारवयीन मुलांना गिऱ्हाईक धरून अशा विनोदी चित्रपटांची लाट आली. १९८१-८२ च्या ‘पोर्कीज’मध्ये शाळेतील मुले भिंतीच्या भोकातून मुलींच्या स्नानगृहात डोकावतात, हे दृश्य त्या चित्रपटाची ओळखच होऊन बसले. १९९९ च्या ‘अमेरिकन पाय’मध्ये परदेशातून शिकावयास आलेली एक मुलगी कपडे बदलत असताना तिच्या नकळत ते दृश्य इंटरनेटवरून साऱ्या शाळेत पोहोचते. परिणामी त्या मुलीला मायदेशी परत धाडले जाते. मुलाची चार दिवस फजिती होते आणि कथा पुढे सरकते. हिंदीत इंद्रकुमार यांच्या २००४ च्या ‘मस्ती’ने आणि २०१३ च्या ‘ग्रँड मस्ती’ने असाच संसार थाटला. बायकोला कंटाळलेले तीन नवरे, घरात अडसर म्हणून बायका आणि बाहेर मौज म्हणून इतर बायका. देश निराळे, भाषा निराळ्या. पण दुसरा अर्थ ठाऊक असणारे पुरुष आणि तो ठाऊक नसणाऱ्या अथवा ज्यांचा होकार कोणी विचारलाच नाही अशा स्त्रिया, ही मांडणी तीच.

कायद्यानेही हा भेद ओळखावयास वेळ लावला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत अश्लीलतेचे कलम आरंभापासून होते. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा स्वतंत्र कायदा आला तो १९८६ साली. ६ डिसेंबर १९९१ रोजी केंद्र सरकारने चित्रपट परिनिरीक्षणासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत हीन प्रवृत्तींना आवाहन करणारे द्व्यर्थी शब्द हा एक मुद्दा आहे आणि स्त्रियांची अप्रतिष्ठा करणारी दृश्ये हा वेगळा मुद्दा आहे. दोन मुद्दे वेगळे लिहिले गेले, हे महत्त्वाचे. पण व्यवहारात कात्री चालत राहिली ती बहुधा पहिल्यावर. कारण शब्द पकडणे सोपे असते, वागणूक पकडणे अवघड. २०१३ साली दंडसंहितेत स्त्रीला नकळत न्याहाळणे, तिचे चित्रण करणे आणि तिचा पाठलाग करणे हे स्वतंत्र गुन्हे ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ते ७७ व ७८ या कलमांखाली कायम आहेत. म्हणजे ज्या भोकातून डोकावण्यावर आणि ज्या पाठलागावर दोन पिढ्या हसल्या, तो आज दखलपात्र अपराध आहे. तो विनोद कोणी बंद पाडला नाही. त्यात जिचे हसे होत होते तिची बाजू उशिरा का होईना कागदावर आली.

मग अशा विनोदावर बंदी घालावी काय? आमचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. बंदीचा इतिहास आपण वर पाहिलाच. तिचा पहिला घाव बसला तो बोर्डावरच्या बाईच्या पोटावर. देहाविषयी हसणे हा माणसाचा जुना स्वभाव आहे आणि मराठी व कोंकणी या दोन्ही भाषांना त्याचे वावडे कधीच नव्हते. शिमग्याची आरोळी, धालोची सोंगे, गौळणीतला कलगीतुरा हे सारे आपलेच आहे आणि ते लपवावयाचे आम्हांला कारण दिसत नाही. मात्र यापुढे असा खेळ किंवा चित्रपट पाहताना ‘हे अश्लील आहे काय?’ हा झिजलेला प्रश्न थोडा बाजूस ठेवावा, आणि त्याऐवजी हे पाहावे की, यातील स्त्रीला तो विनोद कळलेला आहे काय. कळला असल्यास उत्तर देण्यास तिला जागा ठेवलेली आहे काय. आणि खेळ संपल्यावर त्याची किंमत कोण मोजतो. गौळण वाटेत अडविली जाते तेव्हा ती मुकाट उभी राहत नाही. तिच्यापुढे मावशी असते. नव्या लेखकांनी, आणि विशेषतः आता लेखणी व कॅमेरा हाती घेतलेल्या लेखिकांनी, त्या मावशीला पुन्हा बोलावून आणावे. पेंद्याचे काही बिघडणार नाही. त्याला थोडे ऐकून घ्यावे लागेल, एवढेच.